जानमाजवर कुंकू

मला अजून राग येतो. आत्ता टाइप करताना पण बोटं आपटायलीत.

पडेगावच्या पुढं आमची शाळा. सहावीला मी नागरिकशास्त्र शिकवते, त्यात विविधतेचा धडा. शाळेनं चार्टांचा तयार संच आणलेला, एका धर्माला एक चार्ट. इस्लामच्या चार्टवर मशीद, चांदतारा नि खाली पाच ओळी. बस. आमची लेकरं रोज अजान ऐकतात, ईदला शेजारचा शीरखुर्मा वाट्या भरभरून खातात, आणि चार्ट बघून एक पोरगं विचारतं, "मॅडम, हे लोक चंद्राची पूजा करतात का?" मी चार्ट गुंडाळून ठेवला.

वर्गात एकच मुस्लिम पोरगी, लई बडबडी. ती म्हणाली, "मॅडम, अम्मीची जानमाज आणू? सगळं दाखवते." जानमाज म्हणजे नमाजासाठी अंथरायची छोटी सतरंजी. तिच्या नानानं हजवरनं आणलेली. धुतलेल्या ओढणीत गुंडाळून आणली तिनं. आणि काय शिकवलं यार पोरीनं. सगळ्यांना बूट काढायला लावले, वजू म्हणजे आधी हातपाय-तोंड धुणं, ते करून दाखवलं. तोंड कुठं करायचं? "पश्चिमेला, तिकडं दौलताबादच्या अंगाला." मागच्या बाकावरची पोरं पण पुढं सरकून बघायली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

ते कानावर गेलं म्हणून मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, पालकांच्या प्रदर्शनात ठेवा ही. ठेवली. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत त्यांनी उद्घाटन म्हणून सगळ्या टेबलांवर हळद-कुंकू वाहिलं होतं. आपल्यात नव्या फ्रिजला लावतात, स्कूटीला लावतात, दसऱ्याला पुस्तकांना लावतात. तसं जानमाजला पण. ओलं, ठसठशीत, बरोबर जिथं कपाळ टेकतं तिथं.

पोरगी रुमालानं पुसायला गेली तर अजून पसरलं.

मी मॅडमकडं गेले. "मॅडम, तिला सॉरी म्हणा."

"कशाबद्दल? मानच दिला की. पायपुसणं थोडीच केलं?"

"त्यांच्यात चालत नाय, मॅडम."

"अगं, भावना बघ. आणि पाहुणे यायलेत आता. उलटी अंथर, डाग दिसणार नाय."

उलटी अंथर. तिथं माझं डोकं सरकलं. कुंकू लावलं ते समजू शकते, माझ्या आईनं पण लावलं असतं. पण मग एक शब्द बोलायला काय जातं तुमचं?

मी तिच्या अम्मीला फोन केला. त्या स्कूटीवर लगेच आल्या, डाग बघितला, जानमाजची घडी घातली.

"जाने दो मॅडम, धो लेंगे."

"ताई, तुम्ही बोला ना त्यांच्याशी. मी येते सोबत."

"नक्को. बात नक्को बढाओ. बच्ची कू इसीच स्कूल में पढना है."

मला त्यांचा पण राग आला. भांडा ना, बाई. मग लक्षात आलं, मला भांडणं सोपं आहे, माझ्या लेकराचं दप्तर नाय या शाळेत. मग तर अजूनच राग आला, फक्त आता त्यांचा नाय.

मॅडमचा निरोप आला, जानमाज गेली तर तिथं चार्ट लाव. मी नाय लावला. टेबल रिकामं ठेवलं. पोरीला म्हटलं, "नको वाटत असेल तर वर्गात बस."

"नाय, मी उभी राहते."

पालक आले. मोठ्या मॅडम स्वतः सगळ्यांना फिरवत होत्या. आमच्या टेबलापाशी एक काका थांबले. "इथं काहीच नाय व्हय, बेटा?"

"होतं, काका. जानमाज होती. तिच्यावर कपाळ टेकतात, म्हणून काही लावत नाय. सकाळी कुंकू लावलं, मग अम्मी घरी घेऊन गेली."

धडा म्हणून दाखवल्यासारखं बोलली. आवाज पण चढला नाय. काकांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी पदर सारखा केला. "चला, विज्ञानाचं टेबल बघू, लई छान केलंय पोरांनी."

सॉरी त्या दिवशी नाय आलं, अजून नाय आलं. दर सोमवारी प्रार्थना संपली की मी जाऊन विचारते, "मॅडम, तिला म्हणालात का?" आता त्या मला बघून दुसऱ्या जिन्यानं जातात. जाऊ द्या. दोनच जिने आहेत शाळेला.