भोकपाडे तात्या

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की तात्या माणसांकडं बघायच्या आधी छताकडं बघत. घरचा माणूस "या, बसा" म्हणत राही आणि हे आपले मान वर करून चारही कोपरे न्याहाळत उभे. मग खिशातून उदबत्ती काढून पेटवत. नवख्याला वाटे, काय देवभोळा मिस्त्री आहे! तात्या ती उदबत्ती आधी उंबऱ्याशी धरत, मग चुलीशी, मग खिडकीच्या फटीशी, आणि धूर कुठं जातो ते बघत बसत. तो एका जागी घुटमळला की त्यांचा चेहरा उतरे. "हितं वारं मरतंय," म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन न बोलावता हजर होत. गावानं त्यांना भोकपाडे तात्या म्हणायला सुरुवात केली ती काही उगाच नाही.

आमचं गाव कळंबपासून जवळ, बाजाराला चालत जाता येईल इतकं. बहात्तरचा दुष्काळ सरून चारेक वर्षं झाली होती. आमचे हे विकास सोसायटीत सचिव होते. गावाबाहेर घरबांधणी सोसायटीचे प्लॉट पडले, त्यात आम्हालाही एक मिळाला. जागेबरोबर एक नकाशाही मिळाला. नकाशा कसला, चौकोनी डबाच तो! जुन्या मातीच्या माळवदाला सानं असायचं, म्हणजे छतातलं भोक. त्यातून उजेड यायचा, धूर जायचा आणि कधीमधी मांजरही खाली पडायचं. आता स्लॅब आले, तसं सानं म्हणजे अडाणीपणा ठरला. सिमेंट परमिटवर, पाणी टँकरवर, मजूर परवडत नाहीत म्हणून दगड उचलायला आम्ही दोघं नवराबायको, आणि मिस्त्री म्हणून एकटे तात्या. असं ते घर उभं राहत होतं.

तात्या फक्त भोकं पाडत असं कुणी समजू नये. फट दिसली की त्यांचं डोकं फिरे. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये ते चुन्यात कालवलेला अंबाडीच्या सालीचा वाख असा ठासत की बाहेरचा फुफाटा आत शिरायची बिशाद नव्हती. "फट म्हंजे वारं न्हवं, फट म्हंजे मिस्त्र्याचा आळस," ते म्हणत. "आधी घर गच्च कर. मंग वाऱ्याला त्येची वाट दे. खालनं शिरू द्यायचं, वरनं निघू द्यायचं." ही वाट ते बूड काढलेल्या मडक्यांची करत. भिंतीत मडकं आडवं बसवायचं, बाहेरच्या बाजूला जरा कलतं, म्हणजे पाऊस आत येत नाही. तोंडाला जुन्या चाळणीची जाळी, म्हणजे उंदीर-साप येत नाहीत. एक मडकं जमिनीलगत, एक समोरच्या भिंतीत छताखाली. सबंध घरात अशी आठ मडकी बसली तेव्हा हे वैतागून म्हणाले, "तात्या, घर बांधताय का कुंभाराचं दुकान?" तात्या हसले नाहीत. त्यांना हसताना मी फारसं कधी पाहिलंच नाही.

भांडण पेटलं ते मागच्या खोलीवरून. मला सातवा महिना होता. माझी आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलेलं, आणि तेही त्या खोलीत. आमच्याकडं बाळंतिणीला वाऱ्याचा एवढासा स्पर्श होऊ देत नाहीत. दारं-खिडक्या बंद, फटींत चिंध्या, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, ओवा-शेपेची धुरी. त्या खोलीत तात्यांनी मडक्यासाठी खूण केलेली बघून सासूबाई कडाडल्या.

"मिस्त्री, बाळंतिणीच्या खोलीला भोक? वारं लागून पोरगी जन्माची आजारी पडंल!"

"वैनी, बाजंवर वारं येणार न्हाय. खालचं भोक कणगीच्या मागं पाडतो. पर पाडू द्या."

"न्हाय म्हंजे न्हाय."

तात्यांनी थापी खाली ठेवली. तिथंच वाळूच्या ढिगावर बसले आणि पहिल्यांदा स्वतःविषयी बोलले. त्यांचीही एक मुलगी होती, शेवंता. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तात्यांनी नुकतंच स्वतःचं घर बांधलं होतं, गावातला पहिला स्लॅब. तात्यांच्या घरात मुंगीसुद्धा शिरत नाही असं तेव्हा लोक कौतुकानं म्हणत. थंडी फार पडली होती. खोलीला एकच झरोका होता, तो त्यांनी स्वतःच्या हातानं पोतं कोंबून बुजवला. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर शेवंता गेलेली, कुशीतलं बाळही गेलेलं.

"अंगावर डाग न्हाय, काय न्हाय. झोपल्यावानी," तात्या म्हणाले. "लोक म्हणले, बाहेरची बाधा झाली. म्या बगितलं, कोनाड्यातली चिमणी इझली हुती. तेल हुतं, वात हुती, तरी इझली हुती. निखाऱ्यानं वारं खाल्लं, वैनी. लेकराला उरलंच न्हाय."

सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मडकी बसली.

पौषात मला मुलगी झाली. पहिले चार दिवस नीट गेले. पाचव्या दिवशी गारठा असा सुटला की सासूबाईंचा धीर सुटला. मला न सांगता त्यांनी वरच्या मडक्यात जुनं लुगडं कोंबलं, कणगीमागच्या खालच्या मडक्यापुढं धान्याचं पोतं सरकवलं, शेगडीत निखारे वाढवले आणि दार ओढून पाण्याच्या नंबरला गेल्या. वाईट हेतू नव्हता हो त्यांचा. त्यांच्या सासूनं त्यांच्यासाठी जे केलं तेच त्या माझ्यासाठी करत होत्या. फक्त ते घर माळवदाचं होतं, त्याला सानं होतं.

माझं डोकं जड झालं. मग गोड ग्लानी आली. इतकी गोड की आजही आठवली तर अंगावर काटा येतो. कुठून तरी खोल विहिरीतून यावी तशी हाक आली, "शेवंते!" मी ऐकली. पण जीभ उचलेना, आणि उचलावीशीही वाटेना. मग धाडधाड आवाज झाला. तात्या कामावर निघाले होते. सकाळच्या थंडीत मडक्यातून धुराची रेघ निघायला हवी ती दिसली नाही, लुगड्याचं टोक दिसलं. बाराव्याच्या आत परक्या पुरुषानं बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही, म्हणून ते बाहेरूनच जाळी फोडून बांबूनं ते लुगडं ढोसत होते. लुगडं आत पडलं, थंड वारं तोंडावर आलं, आणि त्या भोकातून तात्या जीव तोडून ओरडले, "शेवंते, ओ दे गं!"

मी म्हणाले, "ओ."

सासूबाई घागर टाकून धावत आल्या, दार उघडलं, शेगडी बाहेर फेकली. मुलगी रडेना. सासूबाईंनी तिला उघड्या दारात धरून पाठ चोळली, तेव्हा कुठं तिनं टाहो फोडला. मग त्या माऊलीनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. मी बाजेवरून बघत होते आणि मला त्यांचा राग येत नव्हता, रडूच येत होतं. तात्या मात्र बांबू तिथंच टाकून निघून गेले.

मी सव्वा महिन्याची न्हाले त्या दिवशी तात्यांच्या मंडळी, गोदाकाकू, आल्या. मला वाटलं बाळाला बघायला आल्या. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, पण लक्ष नव्हतं.

"पोरी, तू ओ दिलीस त्या दिवसापास्नं त्यांचं कामावर ध्यान न्हाय," त्या म्हणाल्या. "शेवंताची खोली इतकी वर्सं बंद हुती, ती उघडल्याली हाय. उंबऱ्यावर बसत्यात अन हाका मारत्यात. दोन-दोन दिस भाकरीला शिवत न्हाईत. एकदा येऊन सांग बाई, की ती तू हुतीस."

मी गेले. तात्या उंबऱ्यावर बसले होते. आत रिकामी बाज, कोनाड्यात चिमणी, झरोक्यात ते पोतं तसंच. सगळ्या गावाला भोकं पाडणाऱ्या माणसानं त्या एका खोलीला हात लावला नव्हता.

"तात्या, त्या दिवशी ओ मी दिली होती," मी म्हणाले.

"मला काय खुळा समजलीस व्हय?" ते म्हणाले. "ठाऊक हाय मला."

"मग हाका कुणाला मारता?"

त्यांनी झरोक्यातल्या पोत्याकडं पाहिलं. मग जे त्यांनी काकूंनाही सांगितलं नव्हतं ते बोलले. "त्या सकाळी म्या कामाला निघताना दाराभाईरनं हाक मारली हुती. एक. ओ आली न्हाय. म्हणलं, लेकरानं जागवलं आसंल, झोपू द्यावं. अन गेलो. काकू आदल्या दिशी मयताला गेल्याली. दार उघडलं दुपारी, म्या परत आल्यावर." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुला बी पयल्या हाकंला ओ देता आली न्हाय. दुसऱ्या हाकंला दिलीस. मंग शेवंतानं बी दिली आसती का गं?"

मी हादरले. माझ्या त्या एका 'ओ'नं या माणसाचं काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं त्यांना फक्त बुजवलेल्या झरोक्याचा अपराध माहीत होता. न मारलेल्या दुसऱ्या हाकेचा मी दाखवून दिला होता.

"नाही तात्या," मी ठामपणे म्हणाले. "मला तर आतून सगळं ऐकू येत होतं. तिला येत असतं तर तिनं पहिल्याच हाकेला काहीतरी आवाज केला असता. ती तोवर गेली होती."

मला काय ठाऊक होतं? काहीच नाही. मी स्वतः पहिली हाक ऐकून गप्प पडून राहिले होते. पण मी नजर खाली केली नाही. तात्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, उदबत्तीच्या धुराकडं बघत तसं, बराच वेळ. मग मान हलवली, उठून तोंड धुतलं आणि काकूंना म्हणाले, "वाढ." भाकरी-आमटी पुढं आली, ती त्यांनी माझ्यासमोर बसून सगळी खाल्ली.

त्यानंतर तात्या दहा-बारा वर्षं जगले, कामही करत राहिले. तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. ते गेले तेव्हा मी खूप रडले, आणि लोकांना वाटलं, जीव वाचवला म्हणून रडते. तेही होतंच. पण मला दुसरीच भीती खात होती, अजून खाते. माझं खोटं तात्यांना त्याच वेळी कळलं असणार. ती भाकरी त्यांनी भूक लागली म्हणून नाही, मला बरं वाटावं म्हणून खाल्ली असणार.