बायको साहेबांशी बोलली तेव्हा

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलडाणा जिल्ह्यातल्या धाड गावात माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. नव्या सायकली घ्यायला मी राहतं घर बुलडाण्याच्या एका बँकेकडे गहाण टाकलं होतं. पावसाळ्यात रस्त्यांचा चिखल व्हायचा, सायकली नुसत्या उभ्या राहायच्या आणि हप्ते चुकायचे. बँकेची नोटीस आली तेव्हा बायको म्हणाली, "आपणच जाऊन साहेबाले भेटू."

साहेब पुण्याकडचे. त्यांच्यापुढे माझी जीभच उचलेना. मग बायको बोलायला लागली आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो. सातवी शिकलेली ती पुस्तकात असते तशी मराठी बोलत होती. "आमची पैसे भरायची तयारी आहे साहेब, फक्त मुदत वाढवून हवी." इतक्या वर्षांत माझ्याशी ती अशी कधी बोलली नव्हती. साहेबांनी तिच्यासाठी खुर्ची मागवली. चहा आला, तोही आधी तिच्यापुढे. "कोणत्या महिन्यात किती भरता येईल ते ठरवून सोमवारी या," साहेब तिला म्हणाले. घर माझ्या नावावर, आणि मी भिंतीला टेकून उभा.

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती.

"काऊन हसून राह्यली?" मी विचारलं.

"कुठं हसली? हिशोब करून राह्यली मी."

मला ते पटलं नाही.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी एक टोपीवाला माणूस दुकानात आला. आमच्या नोटिशीचं त्याला कुठून तरी कळलं होतं.

"भाऊ, मुदत काय मागता? मी व्याजच माफ करून आणतो. वरपर्यंत ओळख हाय आपली." त्यानं पिशवीतून कोरा स्टॅम्प पेपर काढला. "खाली सही करा, मजकूर मी भरतो. माझा मेहनताना तेवढा आगाऊ द्या. अन् वहिनीले सांगू नका, बाईमाणूस घाबरते."

साहेबांचं तोंड उतरलंय, बायको गप्प आहे आणि खुर्चीवर मी बसलोय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. सही करूनही टाकली असती. पण तिला न दाखवता जिंकण्यात काय मजा? मी त्याला बसवलं आणि तिला हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. कागद उलटसुलट करून पाहिला.

"याच्यावर तं काहीच लिहेल नाही. उद्या यायनं घर विकलं म्हणून लिहिलं तं?"

"तुलेच लय समजते," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या माणसाला म्हणाली, "भाऊ, सोमवारी आमच्यासंगं बँकेत चाला. साहेबासमोर लिहू, अन् पैसेही तिथंच घ्या."

"हाव, येतो ना," म्हणत तो कागद घेऊन उठला.

सोमवारी मी स्टँडवर त्याची वाट पाहिली. तो यावा, एकदा तरी हिचं म्हणणं खोटं ठरावं, असं मनापासून वाटत होतं. कंडक्टरनं घंटी मारली तरी मी खालीच. ती दारातून म्हणाली, "चाला आता. तो काही येत नाही."

बँकेत तिनं मागणी मांडली. पावसाळ्यात नुसतं व्याज घ्यावं आणि दिवाळीपासून उन्हाळा संपेपर्यंत मोठे हप्ते, कारण लग्नसराईत आमची एकही सायकल दुकानात नसते. त्या टोपीवाल्याबद्दलही तिनं सांगितलं.

"बँकेच्या कामाला मध्ये माणूस लागत नाही. पैसे भरायचे ते खिडकीवर, पावती घेऊन," साहेब म्हणाले, आणि हे मात्र माझ्याकडे बघून. अर्ज तिनं लिहिला, सही मी केली. "मंडळी फार हुशार आहेत हो तुमच्या!" साहेब मला म्हणाले. मी पेन टेबलावर आपटलाच.

मंजुरी आली. कर्ज फिटायला काही वर्षं लागली, पण घर सुटलं. पुढे गावातले लोक बँकेच्या नोटिसा घेऊन आमच्याकडे यायला लागले. मी दारात पंक्चर काढत बसलेलो असायचो. "वहिनी हायेत का घरी?" म्हणत ते मला ओलांडून आत जायचे. एकाचं काम झालं, तेव्हा त्यानं तिला साडीचोळी आणली. तिनं ती मला कौतुकानं दाखवली. मी रंग चांगला आहे म्हणालो आणि दारात जाऊन चांगल्या चाकाची हवा सोडून पुन्हा भरत बसलो.