रेणू परीक्षेला बसली नाही

"शिकायला येतीस का पाणी न्यायला?"

वैनीसाहेबांनी हसत विचारलं. बंगल्याच्या ओसरीवर बसलेली माणसंही हसली. माझी धाकटी बहीण रेणू घंगाळाची कडी धरून उभी होती. तिने कडी सोडली आणि हात फ्रॉकला पुसले.

घंगाळात पाणी होतं, काठोकाठ. स्वच्छ. तासभर आम्ही त्यात खिळा, लाकडाचा ठोकळा आणि स्टीलची वाटी टाकून पाहत होतो. खिळा बुडतो, मग त्याहून जड वाटी का तरंगते, हे मी कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या नातवाला, वैनीसाहेबांच्या ओमला, शिकवत होते. शिकवणी संपली की गडी ते पाणी गुलाबांना घालायचा. आमच्या बोळात टँकर चार-चार दिवस येत नव्हता. म्हणून रेणूने विचारलं होतं, "हे पाणी आमी नेऊ का?"

मी वाटी पुसून जागेवर ठेवली.

आमचं गाव दिंद्रुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात फिटर होते. सहकारी कारखाना, पण गावात त्याला चेअरमनसाहेबांचा कारखाना म्हणतात. शाळा त्यांच्याच संस्थेची. त्या शाळेच्या इंग्रजी तुकडीत कामगारांच्या मुलांना फी माफ होती, म्हणून मी इंग्रजीतून शिकले. दुष्काळ पडला, ऊस उरला नाही, कारखाना थंड झाला. अण्णांना चेअरमनसाहेबांच्या मळ्यावर राखणीला ठेवलं. टँकरही कारखान्याचाच. तो कोणत्या बोळात वळायचा, हे बंगल्यावर ठरायचं.

बीडला विज्ञानाची एक निवासी शाळा आहे. तिची प्रवेश परीक्षा पाचवीत असताना होते. ओमला तिथे घालायचं ठरलं आणि मला निरोप आला. मी अट अशी घातली नाही, विनवलं. रेणूही पाचवीत आहे, तिला सोबत बसू द्या. वैनीसाहेब म्हणाल्या, "बसू दे की. ओमला जोड होईल."

जोड म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. ओम खुर्चीवर. रेणू खाली, पायरीपाशी. घंगाळ भरायचं रेणूने, सामान मांडायचं रेणूने. सरावाचा पेपर आधी तिने सोडवायचा, म्हणजे अवघड काय आहे ते कळेल, आणि मग मी तेवढंच ओमला समजवायचं. रेणूला त्याचं काही वाटत नव्हतं. ती खुश होती. घरी जाताना म्हणायची, "ताई, वाटी पोकळ असती म्हणून लई पाणी बाजूला सारती. खिळ्याला तेवढी जागाच न्हाई." वाटेत दिसेल त्या वस्तूचं बुडणं-तरंगणं ती ठरवायची. म्हैस तरंगते का, यावर आमचं भांडण झालं.

ओम वाईट मुलगा नव्हता. त्याला कंटाळा यायचा. एकदा त्याने आपल्या खुर्चीवरची गादी काढून रेणूला दिली. वैनीसाहेबांनी ती उचलून आत नेली. धुवायला टाकली.

अर्ज भरायचे दिवस आले. त्याच सुमाराला बंगल्यावर पाहुणे होते, बीडचे कुणी संचालक. आमच्या शाळेचे मुख्याध्यापकही खुर्चीच्या टोकावर बसलेले. अण्णा मळ्यावरून निरोप घेऊन आले होते, ते चपला काढून पायरीखाली उभे. मुख्याध्यापकांनी दोन्ही मुलांचे सरावाचे पेपर पाहिले. रेणूचा पेपर त्यांनी दुसऱ्यांदा पाहिला आणि ओमच्या पेपराखाली सारला.

चेअरमनसाहेबांनी ते पाहिलं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"तालुक्याला जागा किती, गुरुजी?"

"थोड्याच असतात, साहेब."

"मग आपल्याच दोन लेकरांनी एकमेकांच्या पायात पाय कावून घालायचा?" ते अण्णांकडे वळले. आवाज मऊ होता. "फिटर, तुमची पोरगी हुशार हाय. तिला फुडच्या साली बसवा."

अण्णा म्हणाले, "व्हय साहेब."

रेणू दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. पुढच्या साली तिचं वय बसत नव्हतं. ही परीक्षा एकदाच देता येते. हे मला माहीत होतं, मुख्याध्यापकांना माहीत होतं. ते खिशातलं पेन चाचपत राहिले.

विषय मिटला, असं सगळ्यांनी धरलं. चहा आला. चेअरमनसाहेब पाहुण्यांना म्हणाले, "ही फिटरची थोरली. आपल्याच शाळेची. बोल गं इंग्लिशमधी काहीतरी. पाहुण्यांना कळू दे, आपण काय माल तयार केलाय."

हे नवीन नव्हतं. कुणी आलं की मला उभं करायचे, मी दोन वाक्यं बोलायचे, लोक माना डोलवायचे. त्या दिवशीही वाक्य तोंडात तयार होतं. मी फारशी बोलणारी नाही. वर्गातसुद्धा उत्तर येत असून मी हात वर करत नसे.

मी मराठीत बोलले. आमच्या घरात बोलतो तसं.

"साहेब, फुडच्या साली तिचं वय बसत न्हाई. रेणू याच साली बसणार हाय."

अण्णा पायरीखालून म्हणाले, "गप बस." वैनीसाहेब म्हणाल्या, "आता तोंड फुटलं व्हय."

चेअरमनसाहेब रागावले नाहीत. हसून म्हणाले, "बसवा की. आमी कोण अडवणारे?"

त्यांनी खरंच काही अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी अर्ज घेऊन शाळेत गेले. मूल ज्या शाळेत शिकतं, त्या शाळेचा शिक्का अर्जावर लागतो. मुख्याध्यापक म्हणाले, "बाळ, शिक्का कपाटात आहे. चावी क्लार्ककडे आहे. क्लार्क रजेवर आहे." मी रोज जात राहिले. क्लार्क व्हरांड्यात तंबाखू मळताना दिसायचा. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, मलाबी लेकरं हायेत."

मी बीडला गेले. निवासी शाळेच्या कार्यालयातल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, वयाचा दाखला पाहिला आणि म्हणाल्या, "शिक्का आणा, लगेच घेते." मी त्यांना काय सांगणार होते? सांगितलं, तरी त्या काय करणार होत्या? मी एसटीने परत आले.

त्याच आठवड्यात टँकर आमच्या बोळात यायचा बंद झाला. ड्रायव्हर म्हणाला, गाडी वळत नाही. इतकी वर्षं वळत होती. शेजारच्या शांतामावशी रिकामी घागर आमच्या उंबऱ्यावर ठेवून म्हणाल्या, "तुज्या बहिणीच्या परीक्षेपायी आमी कावून तहानेनं मरायचं?" त्यांचं चुकलं, असं मला म्हणता येईना. अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. रेणू सरावाचे पेपर सोडवत होती. तिला वाटत होतं, ताईने सांगितलंय म्हणजे होणार.

अर्जाची तारीख निघून गेली. ते तिला मी सांगितलं, तेव्हा ती मटकी निवडत होती. "बरं," म्हणाली, आणि निवडत राहिली. मग टँकर पुन्हा वळायला लागला.

ओम पास झाला. मी शिकवलेलं त्याला चांगलं आठवलं असणार. बंगल्यावरून पेढ्यांचा डबा आला. मी घरात येईपर्यंत रेणूने एक पेढा खाल्ला होता. "चांगला हाय, ताई," ती म्हणाली.

डबा मी परत नेऊन दिला. वैनीसाहेबांनी तो उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "एक कमी हाय." मी म्हटलं, "व्हय. तेवढाच घेतलाय. शिकवायला आता येणार न्हाई."

रेणूचं वर्ष मला परत आणता येत नाही. मी कितीही धावले, तरी येणार नाही. ती आता सहावीत आहे, त्याच शाळेत, त्याच बाकावर. कधी कधी ती मला विचारते, बीडच्या शाळेत खरंच प्रयोगाची खोली आहे का? मी हो म्हणते. खोटं सांगून तिला बरं वाटावं, असं मला वाटत नाही.

आमच्या बोळात चौथीतल्या पाच मुली आहेत. दोघींचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत, त्या दोघी आपल्या मावशीकडे राहतात. मी त्यांना संध्याकाळी शिकवते. शांतामावशींची नातही येते. शांतामावशी स्वतः तिला सोडायला येतात आणि माझ्याशी न बोलता जातात. आमच्याकडे घंगाळ नाही. पातेल्यात वाटी तरंगते.

जूनमध्ये या पाचही मुलींची नावं मी संस्थेच्या शाळेतून काढून शेजारच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालणार आहे. रोज चालत जावं लागेल. मी त्यांना सोडेन. तिथला शिक्का सरकारी आहे. त्याच्या कपाटाची चावी बंगल्यावर जात नाही. गेलीच, तर कुणी नेली, त्याचं नाव मी जिल्हा परिषदेला लिहून देईन, मराठीत आणि इंग्रजीतही.

टँकर पुन्हा बंद होईल. अण्णांची राखण जाईल. हे मी अण्णांना सांगितलं आहे.

मुलींना मी परीक्षेला बसवणार आहे.