दार लावून विचारायचं

बारामतीच्या एका दवाखान्यात मी एक्स-रे काढते. घसरून पडणारी बाई हात टेकते, त्यामुळं बहुतेकदा मनगट मोडतं. मनगट शाबूत आणि कोपराखालचं हाड मधोमध मोडलेलं दिसलं, की माझं डोकं भणाणतं. तो हात फटका अडवायला आडवा धरलेला असतो.

त्या दिवशी आलेली पोर इंदापूरकडची, वीस-बावीसची; मनगट ठीक, कोपराखाली हात सुजलेला. "गोठ्यात घसरली," नवऱ्यानंच सांगितलं. गोडबोल्या माणूस, तिची पर्सही त्याच्याच काखेत. मशीन चालू असताना आत कुणाला थांबू देत नाहीत, म्हणून त्याला बाहेर काढून दार लावलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला, "दिवस गेलेत का गं?"

"व्हय," ती पुटपुटली. "ह्यांना सांगू नका."

"का?"

"मागल्या महिन्यात बरगडीच्या फोटोला आले व्हते. तवा तुमी दारातच, ह्यांच्यासमोर इचारलं, मारतो का गं हा? मी न्हाय म्हणले. तरी त्या बाईला काय सांगितलंस म्हणून रोज मारत्यात. काल काठी घेतली."

मला तर ती आठवतही नव्हती! मेली माझी जीभ, तिला कधी धीर म्हणून नाही.

दारावर थाप पडली. "झालं का, मॅडम?"

"हलली ती, परत काढतेय!" मी ओरडले. तिला हळूच विचारलं, "घरी जायचंय?"

"न्हाय. पोटातल्याला काय झालं तर?"

मी आतूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या दोन सिस्टरना घेऊन मागच्या दारानं आल्या आणि तिला तिथूनच बायकांच्या वॉर्डात नेलं. पोलिसांना कळवलं. पळसदेवहून तिचा भाऊ निघाला.

मी बाहेर आले, तर तो पर्स घेऊन तिथंच उभा. हसला.

"मॅडम, काटेवाडीहून स्कूटीवर येता न्हवं तुमी? एकट्याच?"

ह्याला कसं ठाऊक?

"काय सांगितलं तिनं तुमाला?"

"काही नाही," मी म्हणाले.

तोंड शिवलंय का तुमचं, म्हणून मार लपवणाऱ्या किती पोरींना मी खडसावलं होतं! माझ्यापुढं तर तो नुसता हसत उभा होता.