डावीकडची दांडी

मेजरांच्या घरात दुकानातून आणलेली वस्तू जशीच्या तशी कधी राहिली नाही. नवी छत्री आली की तिची मूठ बदलायची, सुरी आली की तिला जाड लाकडी पकड बसायची. "कंपनीनं क्येलं ते कंपनीच्या हाताला," ते म्हणायचे, "आपला हात येगळा असतोय, गड्या." फौजेत ते वर्कशॉपला नाईक होते, पण आमच्याकडे पेन्शनीवर आलेला प्रत्येक जण मेजरच.

औंधला कॉलेजात असताना मी त्यांच्या मागच्या खोलीत राहायचो. माझे वडील मेंढरं घेऊन निम्मं वर्ष खाली कृष्णाकाठाला. घरात शिकलेलं कुणी नव्हतं. मी अभ्यासाला बसलो की मेजर हातोडा खाली ठेवायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "गप. बिरूची परेड चाललीय." मी पदवीधर झालो, त्यात त्या शांततेचा वाटा मोठा आहे.

मेजरांच्या बायकोची, आमच्या काकूंची, रीत अशी, की घरातून निघणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर त्या साखरफुटाणे ठेवायच्या. मग तो पोस्टमन असो की भांडून निघालेला भाऊबंद. पुढे काकूंना अर्धांगवायूचा झटका आला, तो उजव्या अंगाला. मी तोवर सांगलीला नोकरीला लागलो होतो. तिथल्या दवाखान्यात धावपळ मी केली. बोलणं हळूहळू सुधारलं, पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. मेजरांनी फुटाणे ताटात काढून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवले, तर काकू रागावल्या. "डाव्या हातानं कुनाच्या वंजळीत घालू व्हय? आन् त्येंनी आपलं आपुन घ्येतलं, तर म्या दिलं कुठं?"

काही दिवसांनी मेजरांचा फोन आला, "रविवारी ये. लय इरसाल रिक्रूट आणलाय."

तो रिक्रूट म्हणजे लोणंदच्या भंगारातून उचललेलं लाल रंगाचं मशीन. वर काचेचा गोल. नाणं टाकून चावी फिरवली की खालच्या झडपेतून गोळी बाहेर येणारं. चाक गंजून धरलेलं होतं. मेजरांनी ते डिझेलमध्ये भिजत घातलं, नाण्याची खिट्टी काढून टाकली, काचेच्या गोलात साखरफुटाणे भरले आणि पुढच्या चावीऐवजी बाजूला भोक पाडून लांब दांडी बसवली. उजव्या बाजूला.

"मेजर, डावीकडं नको का?" मी विचारलं.

"डॉक्टर काय म्हनला? हात चालवा. समोर मानूस उभा ऱ्हायला की हात आपुआप उठंल. ती दिल्याबिगर ऱ्हायची न्हाई."

शेजारची सून भेटून निघाली, तेव्हा मेजरांनी मशीन काकूंच्या खुर्चीला भिडवलं. "हां, वड. वड की!" काकूंचा खांदा हलला, बोटं मांडीवरच राहिली. सून ओंजळ धरून उभी. शेवटी "असू द्या, काकू," म्हणून ती गेली. काकू म्हणाल्या, "आवं, चार मानसांत नका माजी परीक्षा घिऊ."

पण मेजरांनी दांडी हलवली नाही. रोज तेल द्यायचे, म्हणायचे, "आज हलकी केलीय." त्यानंतर कुणी निघायला उठलं की काकू डोळे मिटून झोपल्याचं सोंग घ्यायला लागल्या.

पुढच्या खेपेला गेलो, तर मेजर मशीन आडवं पाडून डाव्या बाजूला भोक पाडत होते. मान वर न करता म्हणाले, "डॉक्टरला परत इचारलं, बिरू. न्हाई म्हनला."

दांडी डावीकडे बसली. काकू बघत राहिल्या. "डाव्या हातानंच की ह्ये."

"देतंय मशीन. तू निस्ती दांडी वड."

काकूंनी ओढली आणि फुटाणे माझ्या ओंजळीत पडले. काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "आता तुमी या म्होरं. धरा वंजळ. दोनी हात, मेजर!" मेजरांनी दोन्ही हात पुढे केले.

उजवीकडचं भोक मात्र उघडंच राहिलं. त्यातून मुंग्या आत शिरायच्या आणि मेजर रोज सकाळी ब्रशने त्या झाडत बसायचे.

"पत्रा मारू का त्याला?" मी एकदा विचारलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "उद्या हात उठला तर परत कोन भोक पाडत बसंल?"

थंडीत काकू गेल्या. दिवसकार्य उरकून पाहुणे पांगले, तेव्हा मी मेजरांना भेटायला गेलो. काकूंची खुर्ची तिथेच होती, शेजारी पुसून ठेवलेलं मशीन. "बस, च्या टाकतो," म्हणून मेजर आत गेले. मी मशीनच्या उजव्या अंगावरून हात फिरवला; भोक कुठे लागेना. आतून पत्रा मारलेला, वरून लांबीचा लेप भरून, घासून, पुन्हा लाल रंग दिलेला. मी हात मागे घेतला. बोटांना रंग लागला होता. अजून ओलाच होता.