उन्हाळी धानावर पाणी

आधी चहा घ्या, मग हसा. तलावाचं पाणी सोडणारा माणूस स्वतःच्याच तोंडाने कसा बुडतो, ते सांगतो.

मी मूळचा पुण्याचा. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, नेमणूक गोंदियाजवळच्या गोरेगावकडच्या एका तलावावर. पहिल्याच हिवाळ्यात गावात सभा होती. तलावात पाणी कमी, तेव्हा उन्हाळी धान लावू नका, एवढंच सांगायचं होतं. पण सरळ बोललो तर पुणेकर कसला? उभा राहिलो आणि ठणकावलं, "मंडळी, यंदा उन्हाळी धानावर पाणी सोडलंय!"

टाळ्यांचा कडकडाट! बिसेनकाका म्हणजे गावातले सगळ्यात बोलके शेतकरी. त्यांनी तर उठून मला हारच घातला. मनात म्हटलं, काय समजूतदार लोक आहेत! नकार दिला तरी हार घालतात.

पुढे एके दिवशी काका ऑफिसात हजर. "साहेब, धानाची रोवनी झाली. पानी कवा सोडून राहिले जी?"

"कसलं पाणी? मी तर नाही म्हणालो होतो!"

"नाही? तुमीच त बोलले, धानावर पानी सोडलं. साऱ्या गावानं आयकलं!"

घोळ तेव्हा कळला. आमच्याकडे एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हणजे तिचा नाद सोडला. आणि यांच्याकडे पाणी सोडलं म्हणजे पाणी सोडलं!

"अहो काका, तो वाक्प्रचार होता! म्हणजे धानाचा नाद सोडा!"

"वाक्प्रचारावर धान जगते का जी? माही सून वकील हाय गोंदियाले. ते म्हनते, शब्द देऊन लोकाले कामी लावलं का मंग मांगं फिरता येत नाही. एस्टॉपेल लागते!"

इथे मुकाट्याने माफी मागावी ना? पण मी कायद्याचं थोडंफार वाचलेला! म्हणालो, "सरकारला असं अडकवता येत नाही, काका. पाण्याचा निर्णय समितीचा. ज्याला अधिकारच नाही, त्याच्या शब्दाने सरकार कसं बांधलं जाईल?"

"म्हंजे तुमच्या शब्दाले काही किंमतच नाही?"

"शून्य!" मी छाती काढून सांगितलं. काकांबरोबर येऊन व्हरांड्यात उभं असलेलं अख्खं गाव हसलं.

प्रकरण मोठ्या साहेबांकडे गेलं. ते म्हणाले, "एस्टॉपेलचं तुमचं बरोबर आहे. पण तुमच्या भरवशावर धान उभा आहे. समितीने लोकांचं ऐकून तरी घेतलंच पाहिजे." समितीने ऐकलं. पिण्यापुरतं राखून पाळीपाळीने पाणी मंजूर झालं आणि धान वाचला. माझा जीव भांड्यात पडला.

आता पुढचं ऐका. "उन्हाळ्यात तुमची पुण्याला बदली करून देतो," असा याच साहेबांनी मला शब्द दिला होता. त्या भरवशावर मी भाड्याचं घर सोडलं, सामान ट्रकमध्ये घातलं, बायकोला पुढे पाठवलं. बदल्या झाल्या. माझी सोडून!

धावतच साहेबांकडे गेलो. "साहेब, तुम्ही शब्द दिला होता!"

साहेब थंडपणे म्हणाले, "बदलीचा अधिकार मंत्रालयाचा. ज्याला अधिकारच नाही, त्याच्या शब्दाने सरकार कसं बांधलं जाईल?"

बाहेर आलो तर बाकावर बिसेनकाका. दार उघडंच होतं, सगळं ऐकलेलं.

"काऊन साहेब, तोंड काऊन उतरलं जी? मंग, बदलीवर पानी सोडून राहिले का आता?"

हा अर्थ त्यांना मीच शिकवला होता!