नानांची किडींची वही

वाघोलीत नगर रस्त्यापासून जरा आत, जिथे आता 'ऑलिव्ह ग्रीन्स' नावाचे तीन मनोरे उभे आहेत, तिथे पूर्वी ज्वारी आणि कांदा व्हायचा. ऑलिव्ह तिथे कधीच नव्हता, आताही नाही. ती जमीन महिपती नानांची. बिल्डरने मोबदल्यात जे दिलं त्यात बी विंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता. एकाहत्तर वर्षांचे नाना तिथे बायको, मुलगा, सून आणि नातीसह राहायचे. म्हणजे माणूस आपल्याच शेतात राहत होता, फक्त जमिनीपासून तीस फूट वर.

सोसायटीला मात्र ही गोष्ट कधी नीट पचली नाही. धोतर-टोपीतले नाना लिफ्टमध्ये शिरले की आतलं बोलणं बंद पडायचं आणि सगळे मजल्यांचे आकडे मन लावून वाचू लागायचे. गेटवरचा रखवालदार बदलला की नवा हमखास विचारायचा, "कुणाकडे जायचंय?" एकदा अशाच एका नव्याने नानांची पाहुणे म्हणून मोबाईलवर नोंद केली. परवानगीचा निरोप गेला नात संस्कृतीच्या फोनवर. ती कॉलेजात लेक्चरला बसलेली. तिने न बघताच 'नकार' दाबून टाकला. नाना पाऊण तास आपल्याच बांधावर उभे.

संध्याकाळी संस्कृतीने कान पकडले. ती मानसशास्त्र शिकत होती, त्यामुळे माफी मागून झाल्यावर तिने विषयही समजावून सांगितला. "नाना, असं बारीकसारीक डावलण्याला आमच्याकडे मायक्रोअ‍ॅग्रेशन म्हणतात."

"बरं. आन औषध काय त्याच्यावर?"

"औषध असं नाही. आधी ओळखायचं आणि नाव द्यायचं. नाव नसलं ना, की वाटत राहतं आपलंच काहीतरी चुकतंय."

नानांना हे एकदम पटलं. कीड ओळखल्याशिवाय फवारायला निघालेले शहाणे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. पण नाव इंग्रजीच कशाला हवं? त्यांनी फवारणीच्या तारखा लिहायची जुनी वही माळ्यावरून काढली, झटकली, आणि कोऱ्या पानापासून कामाला लागले.

"तुम्ही लोक किती साधे हो!" असं सी विंगमधल्या एक बाई म्हणाल्या. वहीत नोंद झाली: मावा. पानाच्या खालून बसतो, रस पितो आणि वर गोड चिकटा सोडतो. "अरे वा, तुम्ही पेपर वाचता?" याला तांबेरा. लांबून पानाला रंग चढल्यासारखा दिसतो, हात लावला की कळतं. सोसायटीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन आहेत, एक सगळ्यांचा आणि दुसरा निर्णय घेणाऱ्यांचा, हे कळलं त्या दिवशी नानांनी 'खोडकिडा' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. ज्वारीचं ताट उभंच्या उभं दिसतं, पण आतला कोवळा पोंगा कधीच वाळलेला असतो.

हरळी मात्र खास इंद्रजीत सरांसाठी राखीव होती. हे सर बँकेतून निवृत्त झालेले. जन्म शनिवार पेठेतला. वाघोलीत राहायला येऊन आपण वाघोलीवर केवढे उपकार केले आहेत, हे त्यांच्या चालण्यातूनसुद्धा कळायचं. त्यांनी एकदा बागेत नानांना अडवलं.

"आपण मूळचे कुठले?"

"हितलाच."

"तसं नव्हे. इथे येण्यापूर्वी?"

"आधीबी हितंच."

"आणि त्याच्याही आधी?"

"आईच्या पोटात."

सरांनी "गमतीशीर आहात" असा शेरा मारला आणि आठवड्याने पुन्हा तेच विचारलं. हरळी कितीही उपटा, परत येतेच.

पण खरं सांगायचं तर या सगळ्या किडी नानांनी हसत सोसल्या असत्या. त्यांचं दुखणं एकच होतं, हास्य क्लब. बागेतल्या चिंचेखाली रोज सकाळी वीस माणसं जमायची, दोन्ही हात वर करायची आणि सरांच्या हुकमाने 'हा-हा-हा, हो-हो-हो' करायची. ती चिंच नानांच्या वडिलांनी लावलेली. तिच्याखाली त्यांचं खळं होतं. नाना रोज चहाचा कप घेऊन बाल्कनीतून बघायचे. त्यांना तिथे खाली, त्या ओळीत उभं राहून हसायचं होतं. बस, एवढंच. आणि बोलावल्याशिवाय जायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता.

एकदा त्यांनी सरांसमोर आडून आडून विषय काढला. सर म्हणाले, "छे हो, नाना! आपण मातीतली माणसं. आपलं हसणं मुळातच नैसर्गिक. क्लासची गरज आम्हाला."

नाना घरी आले आणि त्यांनी बायकोला विचारलं, "मुक्ते, माझं हसणं कसं हाय गं?"

"तुम्ही हसता कधी?" मुक्ताई म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

मग नानांनी बाल्कनीत गुपचूप सराव सुरू केला. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर निरोप फिरला: 'बी विंगमधून पहाटे चमत्कारिक आवाज येत आहेत. कुणी परवानगी न घेता प्राणी पाळला आहे काय?' सुनेने तो नानांना वाचून दाखवला. सराव तिथेच थांबला.

या काळात नानांचं मन मोकळं व्हायचं ते फक्त गेटवर. तिथे टिकून राहिलेला एकच रखवालदार होता, यवतमाळकडचा बद्रीनाथ. नाना त्याला रोज वही वाचून दाखवायचे. तोही कपाशी पिकवून थकलेला शेतकरी, त्यामुळे त्याला नव्या नोंदींची ओढ लागली होती. आज काय पडलं नाना, असं विचारायचा.

एप्रिल संपताना त्याने भीतभीत एक काम सांगितलं. "नाना, कमिटीले सांगा न. गेटवर सावली नाही, बसाले खुर्ची नाही. बारा घंटे उभं राहून पाय सुजते."

"अरे, तुम्ही वऱ्हाडातली माणसं!" नाना म्हणाले. "पंचेचाळीसच्या उन्हात वाढलेली. तुम्हाला आमच्या पुण्याचं ऊन म्हंजे चांदणंच की!" आणि ते खदखदून हसले. किती दिवसांनी असं हसू आलं होतं. बद्रीनाथही थोडासा हसला.

दुसऱ्या दिवशी नाना वही उघडून बसले, तेव्हा बद्रीनाथने शांतपणे विचारलं, "नाना, काल तुम्ही उनाचं बोलले न, त्याले कोन्ती कीड म्हनाव?"

नानांनी पान उलटलं, परत उलटलं. चष्मा पुसला. शब्दाला शब्द जुळत होता: आपण मातीतली माणसं, तुम्ही वऱ्हाडातली माणसं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आमच्याकडे बोंडअळी पडते," बद्रीनाथच म्हणाला. "बाहेरून बोंड हिरवंगार. अळी अंदर. मजा अशी, का बोंडालेच मालूम नसते."

नानांनी लिहिलं: बोंडअळी. पुढे कुणाचं नाव घालायचं यावर त्यांनी फार वेळ लावला नाही. तेवढंच एक पान त्यांनी संस्कृतीला दाखवलं नाही.

आणि मे महिन्याच्या पहिल्या रविवारी बोलावणं आलं! क्लबचा वर्धापनदिन होता, प्रमुख पाहुण्यांनी आदल्या रात्री अंग काढून घेतलं होतं, आणि सरांना ऐनवेळी एक 'स्थानिक भूमिपुत्र' हवा होता. कारण काही का असेना, नानांनी धोतराला इस्त्री करून घेतली. मुक्ताईने टोपी बदलायला लावली. चिंचेखाली पोचले तर तिथे हार, नारळ, शाल आणि एकच एक खुर्ची. शाल घालून झाली, टाळ्या झाल्या, तोवर आठ वाजून ऊन चटकू लागलं होतं.

"आता आपण निवांत बसा हं, नाना," सर म्हणाले. "आम्ही हसतो, आपण पाहा."

म्हणजे इथेही बघायचंच, फक्त बाल्कनीऐवजी खुर्चीतून. नाना क्षणभर बसले. मग उठले, खुर्ची डोक्यावर घेतली आणि भाऱ्याच्या चालीने थेट गेटकडे निघाले. खुर्ची गेटच्या खांबाशी लावली आणि बद्रीनाथला खांदे दाबून तीत बसवलं. ऊन लागू नये म्हणून शाल त्याच्या डोक्यावर घातली.

"काल-परवा चुकलो गड्या," ते म्हणाले. "कमिटीकडं जातो आज. छप्पर घेतल्याबिगर उठत नाही."

ते परत आले तेव्हा सगळे हात वर करून खोळंबले होते.

"अहो नाना, खुर्ची?"

"गेली. आता हुभंच ऱ्हावं लागंल," नाना म्हणाले आणि ओळीत शिरले. शेजारच्या बाई जरा सरकल्या.

सरांनी हुकूम सोडला. सगळे हा-हा-हा करू लागले. नानांचं तोंड उघडं, हात वर, आणि आवाज म्हणून निघेना. इतकी वाट पाहिली आणि ऐनवेळी हे! तेवढ्यात गेटशी एक लांबलचक गाडी येऊन थांबली. ज्यांनी अंग काढून घेतलं होतं ते पाहुणेच उशिरा का होईना उगवले होते. बद्रीनाथ जरीच्या शालीत, पायावर पाय टाकून, खुर्चीतून न उठता त्यांना विचारत होता, "कोनाकडे जाचं हाय?"

नानांना हसू फुटलं. टोपी पडली, डोळ्यांतून पाणी आलं, ओळीतल्या बाईंना लागण झाली, मग सगळ्यांना.

"नाना, मोजून!" सर ओरडत होते. "हा-हा तीनदाच! तीनदाच!"